दुधाची वही

वार्षिकासाठी साहित्य पाठवा, अशी नोटीस आमच्या सूचनाफलकावर लागली, तेव्हा तिच्याखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, 'साहित्य : वांगी अर्धा किलो, तेल दोन पळ्या, मीठ चवीपुरते.' लिहिणाऱ्याचे अक्षर मी ओळखले, पण नाव सांगणार नाही. हसून झाल्यावर मात्र मी विचारात पडले. माझाही प्रश्न तोच होता. लेख कशाचा करतात? त्याला काय काय लागते, आणि ते मिळते कुठे?

मराठीच्या सरांना विचारले तर ते म्हणतात, "रोज लिहा." दुसरा कोणताही प्रश्न विचारा, उत्तर हेच. सर्दी झाली म्हणून सुट्टी मागितली तरी बहुधा हेच सांगतील. एकदा धीर करून मी म्हटले, "पण सर, रोज काय लिहायचे?" तेव्हा सरांनी समर्थांचे नाव घेतले आणि दासबोधाचा एकोणिसावा दशक वाचायला सांगितला. कोल्हापुरात १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आहे. तिथे बसून मी तो वाचला. त्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेचा आहे. मला वाटले होते, त्यात प्रतिभा, कल्पना, चिंतन असे काहीतरी असेल. निघाले ते असे की, अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे काढावे. ओळींमध्ये अंतर सारखे ठेवावे. पहिल्या अक्षराचे वळण ग्रंथ संपेपर्यंत बदलू नये. कागद, शाई, लेखण्या सगळे नीट जमवून ठेवावे. आणि पानाच्या भोवती जागा सोडावी, म्हणजे पुढे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. काय लिहावे, हा माझा प्रश्न होता तिथेच राहिला. पण संध्याकाळच्या एस.टी.त बसल्यावर माझ्या ध्यानात आले की, या समासातले बहुतेक सगळे रोज न चुकता करणारा एक माणूस आमच्या घरातच आहे. त्याने दासबोध उघडूनसुद्धा पाहिलेला नाही.

ते म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आप्पा चौथीपर्यंत शिकले. आई शाळेत गेलीच नाही. सही करायला शिकली ती बचत गटामुळे. आप्पांच्या जवळ एक वही असते. दुधाची वही. डाव्या बाजूला बोटभर जागा सोडून पट्टीने रेघ मारलेली. मग तारीख, सकाळ, संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ आणि शेवटी रुपये. आमच्या दोन म्हशी आहेत. पहाटे साडेपाचला धार काढायची, चरवी घेऊन दूध संस्थेत जायचे, रांगेत उभे राहायचे. संस्थेत आता यंत्र आहे. नमुना लावला की आकडे दिसतात आणि छापील पावती हातात येते. तरी आप्पा घरी येऊन ते आकडे वहीत उतरवतात. पावतीची शाई उडते, वहीची उडत नाही, असे ते म्हणतात. दहा दिवसांनी बिल आले की वही आणि बिल समोरासमोर ठेवून बेरीज होते. अशा अकरा वह्या फळीवर बांधून ठेवलेल्या आहेत. पहिल्या वहीतला 'क' आणि अकराव्या वहीतला 'क' एकमेकांवर ठेवले तर केसाचा फरक दिसणार नाही.

आता माझी वही. बारावीच्या सुट्टीत मी रोज लिहायचे ठरवले आणि एक दोनशे पानी वही विकत आणली. पहिल्या पानावर सरस्वतीचे चित्र काढले. मग चंद्र, पाऊस, जीवन, मैत्री, एकटेपणा यांवर रोज एक पान. मला एकटे बसायला घरात जागाच नव्हती, तरी एकटेपणावर मी सलग चार दिवस लिहिले! ती वही परवा वाचून पाहिली. तिच्यात आमच्या म्हशी नाहीत, घर नाही, गावातले एक माणूस नाही. सगळीकडे नुसते 'जीवन' आहे, तेही कुणाचे ते कळत नाही. पण त्या वहीला मी आता नावे ठेवते, ती कुणाच्या आड आली नाही म्हणून. पुढे जे झाले ते कुणाच्या तरी आड आले.

एफ.वाय.ला असताना २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनासाठी आमच्या विभागाने भित्तिपत्रक काढले. विषय दिला होता 'माझे वडील'. त्याच आठवड्यात आप्पांच्या जुन्या वहीतल्या बेरजा तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. (घरातला कॉलेजात जाणारा पहिला माणूस मी, तेव्हा बेरजा माझ्याकडेच.) चाळता चाळता आदल्या वर्षीच्या मे महिन्यातल्या एका ओळीवर बोट थांबले. सकाळ, ६ लिटर, फॅट ६.४, एसएनएफ ८.२. वरच्याखालच्या सगळ्या दिवसांना फॅट सातच्या जवळपास आणि एसएनएफ नऊ. म्हशीच्या दुधाचा दर ठरतो तो ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ धरून. त्याखाली गेले की पैसे कापतात किंवा दूध परत. त्या ओळीत रुपयांच्या जागी काहीच नव्हते. तिथे बारीक अक्षरात एकच शब्द होता : पाणी.

मी आईला विचारले. तिने आधी टाळले, मग सांगितले. त्या उन्हाळ्यात एक म्हैस भाकड होती आणि दुसरीचे दूध उतरत चालले होते. म्हैस घेतलेल्या कर्जाचा हप्ता दुधाच्या बिलातूनच कापला जातो. हप्ता पुरा पडेना, तेव्हा एके दिवशी आप्पांनी चरवीत पाणी घातले. पाणी घातले की फॅट आणि एसएनएफ दोन्ही खाली येतात, हे यंत्राला लगेच कळते. माणूस भला होता; त्याने चारचौघांत काही न बोलता चरवी बाजूला ठेवली आणि म्हणाला, आज घरीच विरजण लावा. आप्पा चरवी घेऊन परत आले. पुन्हा कधी त्यांनी असे केले नाही. आणि घरी आल्यावर, रोजच्यासारखी वही काढून, ती ओळ लिहिली.

मला विषय मिळाला होता. माझ्या हातून काय लिहिले गेले ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. 'दारिद्र्याच्या वणव्यात होरपळणारा माझा बाप, डोळ्यांतली आसवे पुसत, थरथरत्या हातांनी त्या पवित्र दुधात पाणी ओतू लागला...' अशी दीड पाने. शेवटी आभाळसुद्धा रडत होते. मे महिन्यात! मला पहिला नंबर मिळाला.

गावच्या एका मैत्रिणीने कौतुकाने भित्तिपत्रकाचा फोटो काढला आणि मोबाईलवर चार जणींना पाठवला. मी घरी पोचण्याआधी लेख घरी पोचला होता. दूध संस्थेच्या कट्ट्यावर कुणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवला. हसण्यासाठी नाही, चांगला लिहिलाय म्हणून. आप्पा रांगेत उभे होते.

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून चरवी घेऊन मी संस्थेत जाऊ लागले. आठ दिवस मीच गेले आणि सकाळची एस.टी. आठही दिवस चुकली. आप्पा माझ्याशी बोलत नव्हते असे नाही. 'वैरण टाक', 'कासरा सोड' एवढे बोलत होते. वही मात्र त्यांनी त्या दिवसांत लिहिली नाही. मी पावत्या आणून फळीवर ठेवायची आणि त्या तशाच राहायच्या. मला सगळ्यात जास्त बोचले ते हे. अकरा वह्यांत एक दिवस सुटलेला नव्हता आणि माझ्या एका लेखाने आठ दिवस कोरे गेले.

नवव्या दिवशी गोठ्यात शेण काढताना त्यांनी आपण होऊन विषय काढला. मी समजत होते, ते म्हणतील घरची अब्रू घालवलीस. ते म्हणाले, "पानी घातलं ते खरं हाय. माज्याच हातानं लिवलंय म्या. पर म्या रडलो कवा?"

मला उत्तर देता येईना. कारण मला माहीतच नव्हते. आप्पा चरवीत पाणी ओतत होते तेव्हा मी झोपले होते. हात थरथरत होते की नव्हते, हे मी कुठून सांगणार? त्यांनी केले ते मी उघड केले, याचे त्यांना दुःख होतेच. पण जे त्यांनी केले नव्हते ते त्यांच्या नावावर घातले, याचा राग मोठा होता. "रडून पानी घालत्यात व्हय कोन? इचार करून घालत्यात," असे ते म्हणाले आणि टोपली उचलून उकिरड्याकडे गेले.

त्यानंतर माझी वही बदलली. सरस्वतीच्या वहीची उरलेली पाने तशीच ठेवून मी आप्पांच्या वहीसारखी एक शंभर पानी वही घेतली, डावीकडे बोटभर जागा सोडून रेघ मारली, आणि तारीख घालून रोज जे पाहिले, ऐकले तेवढेच लिहायचे ठरवले. सुरुवातीला पान भरत नसे. रोज एस.टी.ने सव्वा तास जाते आणि सव्वा तास येते, तरी मी काही पाहिलेलेच नसायचे! मग थोडी सवय लागली. एका शेजारणीने तिकिटासाठी सुटे पैसे काढायला पदराची गाठ सोडली, गाठीत दहाच्या तीन नोटा आणि एक लवंग होती, तर तेवढेच लिहायचे. लवंग का, ते ठाऊक नसेल तर विचारायचे. (दाढ दुखत होती.) 'गरीब', 'बिचारी', 'कष्टाळू' हे शब्द मी स्वतःला बंद केले आहेत. पथ्य अवघड आहे, अधूनमधून मोडते.

दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली निघाले. ते सरांनीच वाचायला दिले. एकेका महिन्याला धरून झाडे, फुले, पाखरे त्यात आली आहेत. ते वाचून मीही स्टँडजवळच्या उसाच्या एका फडावर नजर ठेवली. थंडीच्या सुरुवातीला उसाला तुरे आले तेव्हा लिहिले. तोड झाली तेव्हा लिहिले. पाला पेटवला त्या दिवशी एस.टी.च्या खिडकीतून काळी काजळी आत आली आणि माझ्या वहीवर पडली, तेही लिहिले. दुर्गाबाईंच्या जवळपास जाण्याची माझी ऐपत नाही. पण एकच गोष्ट वर्षभर पाहत राहिले की ती स्वतःहून बदलते आणि आपल्याला शोभा आणावी लागत नाही, एवढे मला त्यातून कळले.

शब्द जमवण्याची सवय मात्र मला मनापासून आवडते. त्यासाठी वहीची शेवटची पाने राखून ठेवली आहेत. आमच्याकडे एक गंमत आहे. कोल्हापूरकडच्या आम्ही पोरी आणि बायका बोलताना 'मी आलो', 'मी जातो' असेच म्हणतो. आईने आयुष्यात कधी 'मी गेले' म्हटलेले नाही. शाळेत बाईंनी छडी घेऊन आमचे 'गेलो' चे 'गेले' केले. आता मी कागदावर 'गेले' लिहिते आणि कागद बाजूला ठेवून उठले की म्हणते, 'आई, पाण्याला जातो.' पण आईचे बोलणे लिहायचे झाले तर? पूर्वी मी तिला शुद्ध करून टाकायची, मग ती आई वाटायची नाही, कुणीतरी शिक्षिका वाटायची. कागलचे आनंद यादव आमच्याच जिल्ह्यातले. त्यांचे 'झोंबी' १९८७ साली प्रसिद्ध झाले. ते वाचताना मला पहिल्यांदा कळले की, आमच्या घरात बोलतात तसे पुस्तकात छापले तरी चालते. चालते म्हणजे काय, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळतो!

आणि रोज रात्री लिहिलेले आईला वाचून दाखवते. चुलीपुढे बसून. तिला वाचता येत नाही ही मला आधी अडचण वाटत होती. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी त्यांची गाणी उतरवून घेतली म्हणून त्या गेल्यानंतर १९५२ साली ती छापून आली. म्हणजे न वाचणाऱ्या माणसाला भाषा कमी कळते, असे समजण्याचे कारण नाही. आई भाकरी थापता थापता ऐकते. ती 'मग?' म्हणाली की ते वाक्य राहते. ती परातीतल्या पिठाकडे बघू लागली की मी तिथे पेन्सिलीची खूण करते. बहुतेक वेळा त्या ठिकाणी माझे सगळ्यात आवडते वाक्य असते. ते खोडताना जिवावर येते. एकदा 'संध्येच्या केशरी पदराआड लपलेला सूर्य' असे वाचले तर ती म्हणाली, "मावळला म्हन की." मी थोडा वाद घातला, कारण सगळेच मावळला म्हणू लागले तर कवींनी काय करायचे? पण खोडले.

राहिला प्रश्न आप्पांच्या त्या शब्दाचा. तो त्यांनी स्वतःसाठी लिहिला होता, आणि मी भिंतीवर लावला. रोज लिहायला लागल्यावर हा प्रश्न सुटत नाही, वाढतो. कारण माझ्या वहीत आता शेजारीण आहे, तिची दाढ आहे, तिच्या घरची भांडणे आहेत. कंडक्टर आहे, मैत्रीण आहे. यातले माझे किती आणि त्यांचे किती?

याच सुमारास मी ॲन फ्रँकची डायरी वाचली. ॲमस्टरडॅममध्ये लपून राहिलेली ज्यू मुलगी. १२ जून १९४२ ला, तेराव्या वाढदिवशी तिला वही मिळाली. मला वाटत होते, ती वही तशीच्या तशी छापली गेली. तसे नाही. २८ मार्च १९४४ ला लंडनहून रेडिओवर डच सरकारच्या एका मंत्र्याचे भाषण झाले. युद्ध संपल्यावर लोकांच्या डायऱ्या आणि पत्रे गोळा करू, असे त्यात होते. ते ऐकल्यावर काही आठवड्यांनी तिने आपलीच डायरी सुट्या कागदांवर पुन्हा लिहायला घेतली. काही गाळले, काही वाढवले, आणि बरोबर लपलेल्या माणसांची नावे बदलण्यासाठी एक यादीच केली. ४ ऑगस्टला तिला पकडून नेले, तेव्हा ते काम अपुरेच होते. पंधरा वर्षांची पोर, बाहेर मरण उभे, आणि ती बसून विचार करते की, वहीतले कुठले लोकांपुढे ठेवायचे आणि कुणाचे नाव झाकायचे! मी अठरा वर्षांची होते, बाहेर काहीही उभे नव्हते, आणि मी बापाचे नाव पहिल्या ओळीत घातले होते.

आता मी दोन वह्या ठेवते. एक रोजची, जी कुणाला देत नाही. दुसरीत त्यातले निवडून, आठ दिवसांनी पुन्हा लिहिलेले. आठ दिवसांत बरेचसे आपोआप गळते. जे राहते ते, ज्याच्याविषयी असेल त्याला आधी वाचून दाखवायचे. हे बोलायला सोपे आहे. शेजारणीला वाचून दाखवले तर ती म्हणाली, "लवंग राहू दे, पण तीस रुपये नको लिहू, शंभर लिही." मी अजून ठरवलेले नाही. इथे तीसच लिहिले आहेत, तिचे नाव घातलेले नाही.

हा लेखही अर्थात आधी घरी वाचला. चार दिवस मी हिंमत गोळा करत होते. संध्याकाळची धार झाल्यावर आप्पा ओसरीवर वही लिहायला बसले, तेव्हा मी म्हटले, "आप्पा, पुन्हा पाण्याचे लिहिलेय. वार्षिकात देऊ का? नको म्हणालात तर देत नाही." ते बराच वेळ रेघा मारत बसले. मग म्हणाले, "आता सगळ्या गावाला ठावंच हाय. ह्या येळंला नीट तरी लिवलंयस का बगू दे. वाच."

मी वाचले. भित्तिपत्रकातले वाक्य आले तेव्हा त्यांनी मान वळवून म्हशींकडे पाहिले. आभाळाच्या रडण्याला आई आतून हसली. 'टोपली उचलून उकिरड्याकडे गेले' इथे ते म्हणाले, "टोपली न्हवं, पाटी." इथपर्यंत वाचून मी थांबले. आप्पांनी उठून फळीवरची गाठोडी सोडली, ती वही काढली, मे महिन्याचे पान उघडले आणि दिव्याखाली धरून ओळीवरून बोट फिरवले.

"सा लिटर लिवलंयस," ते म्हणाले.

"वहीत तसंच आहे, आप्पा."

"वहीत काट्यावरचा आकडा हाय. दूध साडेपाचच व्हतं."